नगरपित्यांचा कोरम : जॉइसच्या डब्लिनमधली महापालिका

‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब.’ पेपरच्या आतल्या पानावरची ही बातमी आपण सहसा शीर्षकापुढे वाचत नाही. सभेत काय ठरणार होतं, कोण आलं नाही, सभा झाली नाही म्हणून कुठल्या गल्लीतलं गटार आणखी महिनाभर तुंबून राहिलं, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. अंगठा स्क्रीनवर वर सरकतो आणि विषय संपतो.

हीच बातमी जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये आहे. कादंबरी पॅरिसमध्ये १९२२ साली प्रसिद्ध झाली, पण तिच्यातला दिवस आहे डब्लिनमधला, १६ जून १९०४. दहाव्या प्रकरणात आपल्याला सिटी हॉलच्या आसपास जिमी हेन्री नावाचा सहायक नगरसचिव भेटतो. त्याच्या पायाला कुरुपं झाली आहेत, त्यामुळे तो आधीच कातावलेला आहे. त्यात सभागृहात आयरिश भाषेवरून गदारोळ चाललाय. शिस्त राखणारा मार्शल जागेवर नाही. राजदंड वाहून नेणारा म्हातारा दम्यानं अंथरुणाला खिळलाय, म्हणून टेबलावर राजदंड नाही. कोरमसुद्धा नाही. लॉर्ड मेयर वेल्समधल्या समुद्रकाठच्या गावी गेलेत आणि त्यांच्या जागी लॉर्कन शर्लक नावाचा नगरसेवक कसंबसं काम रेटतोय.

हेन्रीची ही कुरकुर ऐकणाऱ्यांत मार्टिन कनिंगहॅम आहे. त्याच दिवशी सकाळी त्यानं एका मित्राला पोचवलंय आणि आता त्या मित्राच्या बायकापोरांसाठी तो पैसे गोळा करतोय. रस्त्यावर हे, आणि आत सभागृहात ते. जॉइस दोन्ही एका पानावर ठेवतो आणि पुढे जातो.

‘युलिसिस’ हे अवघड पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. होमर, शेक्सपिअर, मनाचा ओघ वगैरे दारांतून आत शिरायला सांगतात आणि बरेच जण उंबऱ्यावरूनच परततात. मला या पुस्तकात जायला एक बाजूचं दार सापडलं : महापालिकेचं. जॉइसच्या डब्लिनमध्ये पालिका जागोजागी आहे. पाण्याच्या नळात आहे, ट्रामच्या रुळांत आहे, निवडणुकीच्या प्रचाराच्या मजुरीत आहे. आणि जिथे जिथे ती येते तिथे एकच गोष्ट दिसते. सभागृहात ज्यावर बोललं जातं आणि शहरात माणसं ज्यावर जगतात, या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. जॉइसनं हे अंतर फार नेमकं टिपलं. पण एका ठिकाणी तो स्वतःही दाराशी थांबला, असं मला वाटतं. त्या दोन्हींबद्दल हा लेख आहे.

१. पालिका, म्हणजे जवळजवळ संसद

आधी थोडी पार्श्वभूमी. १८०१ पासून आयर्लंडला स्वतःची संसद नव्हती. आयरिश खासदार लंडनला जाऊन बसत. डब्लिन कॅसलमध्ये ब्रिटिश व्हाइसरॉयचं प्रशासन. या कॅसलला लागूनच सिटी हॉल. शहरातल्या लोकांनी निवडून दिलेली माणसं जिथे एकत्र बसतात अशी डब्लिनमधली मोठी जागा हीच. १८९८ च्या कायद्यानं स्थानिक निवडणुकांतला मताधिकार वाढला, नव्या शतकात पालिकेवर राष्ट्रवाद्यांची पकड घट्ट झाली. ऐंशी सभासदांचं सभागृह होतं ते.

साहजिकच जे लंडनमध्ये बोलता येत नव्हतं किंवा ऐकलं जात नव्हतं ते इथे बोललं जायचं. जुलै १९०३ मध्ये राजा सातवा एडवर्ड डब्लिनला येणार होता. पालिकेनं त्याला मानपत्र द्यावं की देऊ नये? मतदान झालं. ४० विरुद्ध ३७. मानपत्र न देण्याचं ठरलं. हा छोटा प्रसंग नव्हता. साम्राज्यातल्या एका मोठ्या शहरानं राजाला नकार दिला होता.

आपल्याला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. मुंबईत फिरोजशहा मेहता, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले ही माणसं एकीकडे राष्ट्रीय राजकारण करत होती आणि दुसरीकडे नगरपालिकेच्या सभांत बसत होती. वसाहतीतल्या शहरात पालिका ही दोन कामं एकदम करायची : देशाचा आवाज होणं आणि नाल्या साफ ठेवणं. पहिल्या कामाला टाळ्या मिळतात. दुसऱ्याला नाही.

जॉइसच्या घरात तर पालिका चुलीपर्यंत पोचलेली होती. त्याचे वडील जॉन जॉइस डब्लिनच्या करवसुली कार्यालयात होते. वर्षाला पाचशे पौंडांच्या आसपास पगार, म्हणजे सुखवस्तू घर. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वसुली पालिकेनं स्वतःकडे घेतली, जुनं कार्यालय बंद झालं आणि वडिलांना सुमारे १३२ पौंड पेन्शनवर घरी बसवलं. त्यानंतर कुटुंब घसरतच गेलं. भाडं थकवायचं, घर बदलायचं, सामान गहाण टाकायचं. वडील निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची कामं धरायचे. महापालिकेच्या एका प्रशासकीय निर्णयानं घर कसं बदलतं हे या लेखकाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

२. मजुरी कधी मिळणार?

‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहात ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’ ही कथा आहे. जॉइसनं ती १९०५ साली इटालियन बोलणाऱ्या त्रिएस्तमध्ये बसून लिहिली, आणि संग्रहातली ही आपली आवडती कथा असं तो म्हणायचा. संग्रह मात्र १९१४ पर्यंत रखडला. रखडण्याच्या कारणांत ही कथाही होती. तिच्यात राजा एडवर्डबद्दल जरा सैल बोलणं आहे, ते काढा असा प्रकाशकाचा आग्रह. १९११ साली जॉइसनं थेट राजा पाचव्या जॉर्जला पत्र लिहून विचारलं, की आपल्या दिवंगत वडिलांबद्दलचा हा मजकूर आपल्याला आक्षेपार्ह वाटतो का? अशा बाबतीत मत देण्याची महाराजांची प्रथा नाही, असं सचिवाचं उत्तर आलं.

कथेत घटना जवळजवळ नाहीच. पावसाळी संध्याकाळ. तारीख ६ ऑक्टोबर, म्हणजे आयरिश नेता पार्नेलची पुण्यतिथी. त्या दिवशी त्याचे अनुयायी कोटाला आयव्हीचं पान लावतात. पालिका निवडणुकीत टिअर्नी नावाच्या दारू दुकानदाराचा प्रचार करणारी चार-पाच माणसं एका खोलीत शेकोटीभोवती जमली आहेत. बूट गळतात म्हणून ओ’कॉनर प्रचाराला बाहेर पडलेलाच नाही. सिगारेट पेटवायला काडीऐवजी त्यानं उमेदवाराच्या प्रचारपत्रिकेचीच पट्टी फाडून वापरली आहे. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न : टिअर्नी मजुरी देणार का, आणि तोवर निदान बाटल्या तरी पाठवणार का?

बाटल्या येतात. बूच काढायचं यंत्र परत गेल्यावर बाटल्या शेगडीच्या कठड्यावर ठेवून गरम करतात आणि बुचं आपोआप उडतात. राजाच्या मानपत्रावर वाद होतो. हेन्ची नावाचा कार्यकर्ता म्हणतो की राजा आला की शहरात पैसा येईल, बंद पडलेल्या गिरण्या बघा. शेवटी हाइन्स पार्नेलच्या मृत्यूवर स्वतः रचलेली कविता म्हणतो, डोळे पाणावतात, टाळ्या पडतात. आणखी एक बूच उडतं.

या कथेवर लिहिणारे बहुधा पार्नेलपासून सुरुवात करतात. मोठा नेता गेला, मागे ही खुजी माणसं उरली. शहराला पक्षाघात झालाय, असं. पक्षाघात हा शब्द जॉइसनंच या संग्रहाबद्दल वापरला होता, त्यामुळे हे वाचन चुकीचं म्हणता येणार नाही. पण त्यात या माणसांवर जरा अन्याय होतो. ओ’कॉनरच्या गळक्या बुटाला आपण प्रतीक म्हणतो, तेव्हा तो नुसता गळका बूट आहे हे विसरतो. ही रोजंदारीची माणसं आहेत. निष्ठा त्यांना परवडत नाही असं नाही, पण मजुरी थकली की निष्ठेची चर्चा थोडी अवघड होते. हाइन्स कामगारांच्या उमेदवाराची, एका गवंड्याची बाजू घेतो, तेव्हा तो गेल्यावर बाकीचे त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेतात. यातही गंमत बघा : विरोधी उमेदवाराचं पाणी-घर-रस्ता यांवर म्हणणं काय आहे, हे कुणीच विचारत नाही.

संपूर्ण कथा पालिका निवडणुकीची आहे आणि तिच्यात पालिकेच्या कामाबद्दल जवळजवळ अवाक्षर नाही. गटार नाही, दिवे नाहीत, घरं नाहीत. अपवाद एकच. हेन्ची एका मताची हकीकत सांगतो. विरुद्ध विचारांच्या, सनातनी वळणाच्या मतदाराला त्यानं कसं पटवलं, तर असं : टिअर्नी कुठल्याच पक्षाचा नाही, तो मोठा करदाता आहे, शहरात त्याची बरीच घरं आहेत, तीन ठिकाणी धंदा आहे, मग घरपट्टी कमी ठेवण्यात त्याचंच हित नाही का?

पहिल्यांदा वाचताना हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून निसटलं होतं. कथेतला आवाज सगळा पार्नेलच्या आणि राजाच्या दिशेनं ओढतो. पण टिअर्नीचा खरा जाहीरनामा काय तो हाच आहे. त्याच्या मालकीची बरीच घरं आहेत आणि त्यांच्यावरचा कर वाढू नये. ती घरं कुठली, त्यांत कोण राहतं, हे हेन्ची सांगत नाही. कथाही सांगत नाही. हा धागा बाजूला ठेवू, शेवटी लागणार आहे.

३. ट्राम नको, रस्त्याला नाव द्या

‘युलिसिस’मध्ये पालिकेचा खरा विचार करणारा माणूस एकच, आणि तो निवडून आलेला नाही. लिओपोल्ड ब्लूम, वर्तमानपत्रांसाठी जाहिराती मिळवणारा, ज्यू बापाचा मुलगा, शहरात राहून शहराला जरा उपरा.

सहाव्या प्रकरणात चौघे जण प्रेतयात्रेच्या घोडागाडीतून दफनभूमीकडे चालले आहेत. वाटेत गुरांचा कळप आडवा येतो. गुरं बंदराकडे, तिथून बोटीनं इंग्लंडला जाणार. गाडी थांबते. ब्लूम म्हणतो की पालिका इथून धक्क्यापर्यंत ट्रामची लाइन का टाकत नाही, गुरं डब्यांतून नेता येतील. कनिंगहॅमला पटतं. धीर येऊन ब्लूम पुढे म्हणतो की मिलानसारख्या पालिकेच्या अंत्ययात्रा-ट्रामही असाव्यात. इथे मात्र गाडीत चेष्टा सुरू होते. मग जेवणाचा डबाही जोडा, असं कुणीतरी म्हणतं, आणि विषय संपतो.

कल्पना वेडगळ आहे का? मला तरी वाटत नाही. ट्राम डब्लिनमध्ये होत्याच. गुरांचा व्यापार मोठा होता. ब्लूमनं रोज डोळ्यांपुढे दिसणाऱ्या दोन गोष्टी जोडल्या, एवढंच. सभागृहात ही सूचना एखाद्या वजनदार माणसानं मांडली असती तर निदान समितीकडे तरी गेली असती. ब्लूमकडे वजन नाही.

पुढे, पंधराव्या प्रकरणात, वेश्यावस्तीतल्या रात्री ब्लूमला भास होतात. त्या भासांत तो शहराचा नेता होतो. मतदारांसमोर भाषण करतो आणि पहिलाच मुद्दा मांडतो तो गुरांच्या बाजारापासून नदीपर्यंतच्या ट्रामचा. लोक जयजयकार करतात. मग एक माजी लॉर्ड मेयर ठराव मांडतात : ब्लूमचं भाषण करदात्यांच्या खर्चानं छापावं, त्याच्या जन्मघरावर स्मृतिफलक लावावा आणि अमुक गल्लीचं नाव बदलून ब्लूम बुलेव्हार ठेवावं. दुपारी कोरमशिवाय सभा रेटणारा लॉर्कन शर्लक इथे हजर आहेच. ठराव एकमतानं मंजूर.

ट्राम कुठे गेली? ती ठरावात नाहीच. स्वप्नातसुद्धा, माणूस स्वतः सत्तेवर असतानासुद्धा, पालिका जे मंजूर करते ते नामकरण. कुठल्याही शहरातल्या चौकात उभं राहून चारी बाजूंच्या पाट्या वाचलेल्या मराठी वाचकाला या विनोदावर तळटीप लागणार नाही. आणि काही पानांतच तीच गर्दी उलटते आणि ब्लूमला जाळायला निघते. नामकरणाला जेवढी एकजूट होती तेवढीच त्यालाही असते.

सातव्या प्रकरणातली एक जोडी याच्याशेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत काही निवांत मंडळी डॅन डॉसन या बेकरीच्या धंद्यातून वर आलेल्या गृहस्थाचं भाषण मोठ्यानं वाचून खिदळत आहेत. मायभूमीचे डोंगर, नद्या, चांदणं. त्याच इमारतीत खाली छपाईचा कारभार बघतोय नॅनेटी. हा खराखुरा इतिहासातला माणूस : छपाईखात्याचा फोरमन, नगरसेवक, शिवाय खासदार, पुढे १९०६ मध्ये लॉर्ड मेयर झाला. यंत्रांच्या खडखडाटात तो फारसं बोलत नाही. ब्लूमनं आणलेल्या जाहिरातीचा मजकूर बघतो, दोन शब्द बोलतो, पुढचा कागद घेतो. जॉइसला राजकारण्यांबद्दल तिटकारा होता असं सरसकट म्हणणाऱ्यांनी नॅनेटीला विसरू नये. काम करणाऱ्या माणसाकडे तो टिंगल न करता बघू शकतो.

४. नळ उघडल्यावर

सतरावं प्रकरण हा या सगळ्याचा कळस आहे. रात्री उशिरा ब्लूम तरुण स्टीफनला घरी आणतो, कोको करायला नळ उघडतो. प्रकरण प्रश्नोत्तरांत लिहिलेलं आहे. प्रश्न येतो : पाणी आलं का? आणि उत्तर थेट विक्लो परगण्यातल्या धरणापासून सुरू होतं.

धरणाची क्षमता २४० कोटी गॅलन. तिथून जमिनीखालच्या नळांतून, वाटेतल्या एकेका गावाच्या नावानिशी, बावीस मैल दूर स्टिलॉर्गनच्या सव्वीस एकरांच्या तलावात. तिथून उतारानं शहराच्या हद्दीत. नळाच्या दर यार्डाला किती पौंड खर्च आला, तोही आकडा आहे. मग कळतं की पाऊस लांबलाय, रोजचा पुरवठा सव्वाकोटी गॅलन आहे, पाणी सांडव्याच्या खाली गेलंय, आणि शहर अभियंता स्पेन्सर हार्टी यांनी पिण्याखेरीज इतर वापराला बंदी केली आहे. १८९३ सारखी कालव्याचं पाणी वापरायची वेळ येऊ नये म्हणून.

आता पावसाळ्याआधी धरणसाठ्याची टक्केवारी मोबाइलवर बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा परिच्छेद अवघड का वाटावा? विसाव्या शतकातल्या प्रयोगशील गद्यातलं हे एक शिखर मानलं जातं, आणि ते पाणी खात्याच्या अहवालाच्या भाषेत आहे.

या पाण्याचाही इतिहास आहे. विक्लोहून पाणी आणायची योजना १८६० च्या दशकात सर जॉन ग्रे या नगरसेवकानं विरोध अंगावर घेऊन तडीस नेली. त्याचा पुतळा शहराच्या मुख्य रस्त्यावर उभा आहे. ‘युलिसिस’मध्ये तो येतो तो रस्ता ओलांडताना मध्ये थांबायच्या जागेचा पत्ता म्हणून. पुतळ्याखाली थांबून प्राध्यापकमहाशय वर बघतात ते मात्र इंग्रज सेनापती नेल्सनच्या स्तंभाकडे. पाणी आणणाऱ्याचं स्मारक म्हणजे आडोसा.

पण या परिच्छेदातली खरी नांगी त्याच्या शेपटीत आहे. पाणी कमी का पडलं, याचं आणखी एक कारण अहवाल देतो. दक्षिण डब्लिनच्या गरीबखान्याला माणशी रोज पंधरा गॅलन पाणी मंजूर आहे. पण पालिकेच्या वकिलानं मीटर वाचून दाखवला, की तिथे रात्री वीस हजार गॅलन वाया जातं. आणि म्हणून नुकसान कुणाचं, तर स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या, सधन, सचोटीच्या करदात्यांचं.

भाषा तीच राहते, थंड आणि मोजकी. पण हिशेब करता करता अहवालानं शहराचे दोन भाग केलेत. एकीकडे करदाते, दुसरीकडे पाणी नासणारे भिकारी. कुणी वाईट शब्द उच्चारलेला नाही. सगळे आकडे खरे असतील. तरी एक माणूस सुटला आणि एक अडकला. सरकारी टिपणीत हे रोज होतं. ‘अनधिकृत’, ‘अतिक्रमित’, ‘पात्र’, ‘अपात्र’ हे शब्द आपण असेच थंडपणे वाचतो. जॉइस इथे टीका करत नाही. तो ती भाषा पूर्ण बोलू देतो, आणि ती स्वतःच स्वतःला उघडी पाडते.

आणि हे सगळं चालू असताना, करदाता ब्लूम एका जवळजवळ बेघर तरुणासाठी त्याच पाण्याचा कोको करतोय.

५. खोलीच्या दाराशी

आता मी बाजूला ठेवलेल्या धाग्याकडे येतो. टिअर्नीची घरं.

डब्लिनच्या उत्तरेला हेन्रिएटा स्ट्रीट आहे. अठराव्या शतकात तिथे उमरावांचे वाडे होते. संसद गेली, उमराव लंडनला गेले, वाडे उतरणीला लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्डरमन जोसेफ मीड यांनी या रस्त्यावरचे बरेच वाडे विकत घेतले. भव्य जिने काढून टाकले, खोल्या पाडल्या आणि खोलीवार भाड्यानं दिल्या. १९११ च्या जनगणनेत या रस्त्यावरच्या पंधरा घरांत ८३५ माणसं राहत होती. चौदा नंबरच्या एकट्या घरात सतरा कुटुंबं, शंभर माणसं.

जोसेफ मीड हे कोण? १८९१ आणि १८९२ साली डब्लिनचे लॉर्ड मेयर. ऑक्टोबर १८९१ मध्ये पार्नेल वारला तेव्हा त्याचं पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी सिटी हॉलमध्येच ठेवलं होतं. म्हणजे ज्या दिवसांच्या आठवणीसाठी कथेतली माणसं कोटाला आयव्हीचं पान लावतात, त्या दिवसांत शहराच्या पहिल्या खुर्चीवर बसले होते ते मीड.

ते एकटे नव्हते. २ सप्टेंबर १९१३ ला चर्च स्ट्रीटवर अशी दोन घरं कोसळली आणि सात जण मेले. सरकारी चौकशी बसली, १९१४ च्या सुरुवातीला अहवाल आला. तीन लाखांच्या शहरात ८७,३०५ माणसं अशा खोल्यांच्या घरांत राहत होती. कुटुंबं २५,८२२, त्यांतली २०,१०८ एकेका खोलीत. आणि या घरांच्या मालकांत डझनाहून जास्त जण खुद्द पालिकेचे सभासद निघाले. राहण्यालायक नसलेल्या काही घरांनाही घरपट्टीत सूट मिळालेली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘डब्लिनर्स’ प्रसिद्ध झालं. हेन्चीचं वाक्य तेव्हा डब्लिनच्या वाचकाला कसं ऐकू आलं असेल? शहरात बरीच घरं, म्हणून घरपट्टी कमी ठेवण्यात हित. नऊ वर्षं आधी लिहिलेलं वाक्य चौकशी अहवालाचा सारांश होऊन बसलं होतं.

इथपर्यंत जॉइसला पूर्ण मार्क. माझी तक्रार यापुढची आहे. ‘डब्लिनर्स’मधल्या ‘अ लिटल क्लाउड’ या कथेत चँडलर नावाचा कारकून हेन्रिएटा स्ट्रीटवरूनच जातो. रस्त्यात, दारांत, पायऱ्यांवर मळकी पोरं उंदरांसारखी बसलेली आहेत. चँडलरला कवी व्हायचंय. तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही, वाट काढत निघून जातो. हा उपरोध उघड आहे, आणि भेदक आहे. पण कथाही चँडलरबरोबरच निघून जाते. त्या दारातून आत, जिना जिथे होता तिथून वर, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात, जॉइस फारसा जात नाही. त्याची माया घसरणाऱ्या मध्यमवर्गावर आहे : पेन्शनवर बसलेले बाप, पालिकेच्या दगडांवर रात्रपाळीला पहारा देता देता झोपी गेलेला गमली, जो पूर्वी बऱ्या स्थितीत होता. आधी काहीतरी होतं आणि मग गेलं, अशा माणसांचं दुःख त्याला आतून माहीत होतं. ज्यांच्याकडे आधीपासूनच काही नव्हतं ती माणसं त्याच्या पुस्तकांत बहुतेक वेळा दारात, पायरीवर, रस्त्याच्या कडेला असतात.

यावर कुणी म्हणेल, लेखकानं न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल त्याला का झोडपायचं? बरोबर आहे. पण ज्या पुस्तकात धरणाच्या सांडव्यापासून नळाच्या तोटीपर्यंत पाण्याचा मार्ग दिलाय, त्यात तो नळ हेन्रिएटा स्ट्रीटवर किती कुटुंबांत एक होता, हे विचारावंसं वाटतंच. ज्या लेखकानं सगळं मोजलं, त्यानं काय मोजलं नाही हा प्रश्न त्याला विचारता येतो. आपल्या दलित लेखनानं मराठी मध्यमवर्गीय कथेला विचारलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. रस्ता तुम्ही लिहिलात. आत कधी आलात?

तरीही जॉइसकडे मी परत परत जातो ते एका कारणासाठी. पालिका हा कंटाळवाणा विषय आहे, असं आपल्याला पटवून दिलं गेलंय. आणि कंटाळा आला की आपण बघायचं थांबतो. मार्च २०२२ नंतर मुंबईसारखं शहर काही वर्षं निवडून आलेल्या सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली चाललं. आपल्यातल्या किती जणांना त्या काळात रोजच्या जगण्यात फरक जाणवला? जाणवला नसेल तर सभागृह असताना तिथे काय चालत होतं, हाही प्रश्न उरतोच. सभागृहातल्या गदारोळात कोणता विषय मागे पडला, ठरावातून ट्राम कधी गळली, हे ओळखायला जॉइस शिकवतो. हे कौशल्य साहित्याच्या परीक्षेपुरतं ठेवायचं काही कारण नाही.

‘युलिसिस’ आज सुरू करू नका. आधी ‘आयव्ही डे’ वाचा. छोटी कथा आहे, कॉपीराइट केव्हाच संपलाय, फोनवर फुकट मिळते. पार्नेल कोण होता हे नीट माहीत नसलं तरी अडत नाही. फक्त हेन्चीच्या त्या वाक्यापाशी जरा थांबा. तिथे उमेदवाराच्या मालमत्तेची यादी त्याची पात्रता म्हणून सांगितली जाते आणि खोलीतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

आपल्याकडे उमेदवाराला प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. त्यात स्थावर मालमत्तेचा रकाना असतो आणि तो कुणालाही बघता येतो. पुढच्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराचा तो रकाना उघडून बघा. किती घरं, कुठे, आणि जमलं तर त्यांत राहतं कोण.